पायांवर ठेवलेला दोष

१५ जून २०२५ रोजी, ऐन पावसाळी रविवारी, मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल माणसांनी भरलेला असताना कोसळला, चार जणांचा अंत झाला आणि पन्नासांहून अधिक जखमी झाले. आणि बचावाचे काम पुरते आटोपण्याच्या आत या घटनेचा निवाडाही अनेकांनी देऊन टाकला. पूल धोकादायक असल्याची पाटी तेथे लावलेली होती. लोकांनी ती जुमानली नाही. सबब दोष लोकांचा. हा निवाडा नवा नाही. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावर रूळ ओलांडताना माणसे मरतात तेव्हाही तोच दिला जातो, आणि त्याला जोड म्हणून असेही सांगितले जाते की, पूल बांधून दिले तरी लोक ते चढत नाहीत, म्हणून पुलांवर पैसा घालण्यापेक्षा भिंती बांधाव्यात, दंड वाढवावा आणि जनतेला शिस्त लावावी. सुशिक्षित, सज्जन, सार्वजनिक हिताची कळकळ असलेली माणसे हे मत मांडतात, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते.

या मतात जेवढे खरे आहे तेवढे प्रथम मान्य करतो. पाटी होती. त्या दिवशी पुलावर असलेल्यांपैकी पुष्कळ जण सहलीला आलेले होते, त्यांना पलीकडे जाण्याची निकड नव्हती, आणि काहींनी त्या अरुंद पुलावर दुचाक्याही नेल्या होत्या. रेल्वे अधिनियम, १९८९ याच्या कलम १४७ अन्वये परवानगीवाचून लोहमार्गाच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे सारे जसेच्या तसे स्वीकारूनही माझे म्हणणे असे की, नदी आणि लोहमार्ग ओलांडणाऱ्या पादचारी पुलाच्या बाबतीत माणसाच्या वर्तनाला दोष देणे म्हणजे आराखड्यातील चूक त्याच आराखड्याखाली सापडलेल्या माणसाच्या नावे खर्ची टाकणे होय. ज्या पुलाकडे लोक पाठ फिरवतात तो पूल, आणि ज्या पुलावर लोक झेपणार नाहीत इतके जमतात तो पूल, हे दोन्ही एकाच कारणाने फसलेले असतात: चालणारा माणूस कोण, तो कोठून येतो, किती संख्येने येतो, डोक्यावर काय घेऊन येतो आणि त्याच्या गुडघ्यांत किती बळ आहे, याचा विचार आखणीच्या वेळी सर्वांत शेवटी झालेला असतो, किंवा मुळीच झालेला नसतो.

पाटीचीच गोष्ट आधी घेऊ. एखादा पूल माणसांचा भार सोसण्यास असमर्थ ठरला असेल, तर त्याच्या तोंडाशी चार शब्द उभे करून भागत नाही. तेथे फाटक उभे करावे लागते, आणि फाटकाला कुलूप घालण्याच्या आधी नदीपलीकडच्या वस्तीने दूध, भाजी, शाळेची मुले आणि दुखणेकरी घेऊन अलीकडे कसे यावे, याचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर हाताशी नसते म्हणून कुलूप लागत नाही, आणि कुलूप लागत नाही म्हणून पाटी लागते. कुंडमळ्याच्या पुलाच्या जागी नवा पूल बांधण्यास मंजुरी मिळालेली होती. अर्थात जुना पूल निकामी झाल्याचे ज्ञान गावकऱ्यांपुरते मर्यादित नव्हते. पण उघडा असलेला पूल वाटसरूला आपल्या केवळ असण्याने ‘ये’ म्हणतो, आणि ज्या वाटेने कालपर्यंत शेकडो माणसे सुखरूप गेली ती वाट आजही सुखरूप असणार, असे मानणे हा मनुष्यस्वभाव आहे; त्याला बेपर्वाई म्हणता येणार नाही. सहलीकरूंच्या गर्दीचे म्हणाल, तर ती आकाशातून पडली नव्हती. पात्रातील खडकांतून उसळणारे पाणी पाहावयास पावसाळ्यातील दर रविवारी तेथे झुंड लोटते हे अवघ्या तालुक्याला ठाऊक होते, आणि जी गर्दी पंचांगातल्या तिथीसारखी नेमाने येते तिला अनपेक्षित म्हणता येत नाही.

येथे एका रूढ गैरसमजाचा समाचार घेणे प्राप्त आहे. पादचारी पूल म्हणजे हलके काम, त्यावरून गाड्या थोड्याच जावयाच्या, तेव्हा चार तुळया आणि वर पत्रे टाकले की झाले, अशी समजूत गावच्या पुढाऱ्यांपासून शहाण्यासुरत्या नागरिकांपर्यंत सर्वत्र आढळते. हिशोब नेमका उलटा आहे. मध्यम आकाराची मोटार साधारण सात चौरस मीटर जागा व्यापते आणि तिचे वजन बाराशे-तेराशे किलो असते. म्हणजे दर चौरस मीटरला दोनशे किलोही भरत नाहीत. उलट पूर पाहण्यासाठी दाटीवाटीने उभी राहिलेली माणसे एका चौरस मीटरमध्ये सहा मावतात, आणि ती साडेतीनशे-चारशे किलोंचा भार देतात. म्हणूनच गर्दीचा संभव असलेल्या पादमार्गासाठी दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भार धरून गणित करण्याचा प्रघात आहे. दोन मीटर रुंद आणि साठ मीटर लांब असा गावठी पूल घेतला तरी हा भार साठ टनांवर जातो. शिवाय माणसे ही धान्याच्या पोत्यांसारखी सारखी पसरून राहत नाहीत. काही पाहण्यासारखे दिसले की सारी एका कठड्याशी धावतात, आणि पुलाला खाली वाकवणाऱ्या भाराखेरीज त्याला पीळ घालणारा भारही एकाएकी निर्माण होतो. सांध्यांत वर्षानुवर्षे पावसाचे पाणी मुरून गंज चढलेला असेल, तर सर्वांत आधी दगा देतात ते हेच सांधे.

माणसे चालू लागली की आणखी एक प्रकार घडतो. मनुष्य सेकंदाला सरासरी दोन पावले टाकतो, आणि प्रत्येक पावलाबरोबर तो खाली दाब देतो तसाच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे किंचित रेटाही देतो. १० जून २००० रोजी लंडनमध्ये टेम्स नदीवरचा मिलेनियम पूल पादचाऱ्यांसाठी खुला झाला, तेव्हा हजारोंच्या गर्दीखाली तो आडवा झुलू लागला. आणि पूल झुलतो म्हणून माणसे तोल सावरण्यासाठी त्याच्याच लयीत पावले टाकू लागली, त्यामुळे तो अधिकच झुलू लागला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला, आणि आंदोलने शोषून घेणारी साधने बसवून २००२ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडला. आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट ही की, तेथे कोणीही पादचाऱ्यांना तुम्ही एका तालात का चाललात, असे विचारले नाही. अभियंत्यांनी चूक आपली मानली, पुलावर माणसे चालवून पुन्हा मोजमापे घेतली, आणि त्या अभ्यासातून जगभरच्या पादचारी पुलांच्या आखणीत एक नवे प्रकरण जोडले गेले. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबी येथे मच्छू नदीवरचा झुलता पूल तुटून १३५ माणसे गेली, तेव्हा मात्र काहींनी पूल हलवणाऱ्या पोरांकडे बोट दाखवले. आणि दुरुस्तीनंतर चारच दिवसांपूर्वी पूल पुन्हा उघडून लोकांना तिकिटे देऊन आत सोडणाऱ्यांनी एका वेळी किती माणसे सोडावयाची याचा काही नियम पाळला होता काय, हा प्रश्न त्यांना त्या क्षणी सुचला नाही.

आता नदीबरोबर लोहमार्गही ओलांडावयाचा असतो तेव्हा काय होते ते पाहू. कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथे आहे. नदी आणि लोहमार्ग शेजारी येतात तो योगायोग नसतो. आगगाडीला चढ सोसत नाही, आणि डोंगराळ मुलखात सौम्य उताराची वाट नदीनेच आधी कोरून ठेवलेली असते, म्हणून लोहमार्ग नदीच्या खोऱ्याचा आश्रय घेतो. १८५८ साली खुला झालेला खंडाळा ते पुणे हा मार्ग इंद्रायणीच्याच खोऱ्यातून उतरतो. खोऱ्यातून गेलेल्या अशा मार्गाच्या आणि नदीच्या पलीकडे ज्या वस्त्या पडतात त्यांना बाजार, दवाखाना, शाळा आणि सडक गाठण्यासाठी पाणीही ओलांडावे लागते आणि रूळही. एक अडथळा निसर्गाने घातलेला, दुसरा सरकारने. पहिल्याच्या बाबतीत तक्रार करण्याची सोय नाही, पण दुसऱ्याच्या बाबतीत ती करण्याचा हक्क त्या वस्त्यांना खचित आहे, कारण लोहमार्ग आला तेव्हा त्यांच्या पाऊलवाटा तेथे आधीपासून होत्या.

विद्युत लोहमार्गावरून पादचारी पूल न्यावयाचा तर वरच्या तारांच्या सुरक्षिततेसाठी रुळांच्या माथ्यापासून सव्वासहा ते साडेसहा मीटर जागा मोकळी सोडावी लागते. त्यावर पुलाच्या तुळयांची जाडी धरली की चालण्याची पातळी सात मीटरांवर जाते. आता नदीकाठी लोहमार्ग जमिनीच्या सपाटीवर नसतो. पुरापासून बचाव व्हावा म्हणून तो भरावावर असतो, आणि भराव चार मीटरांचा धरला तर काठावरच्या पाऊलवाटेपासून पुलाची उंची अकरा मीटर होते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी, याप्रमाणे हे त्र्याहत्तर पायऱ्यांचे काम झाले. तीन मजले चढून पुन्हा तीन मजले उतरणे झाले. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक या मानाने उतार करावयाचा तर एकट्या एका बाजूस एकशे बत्तीस मीटर लांबीचा रस्ता लागतो, आणि विसाव्याचे सपाट टप्पे धरता तो दीडशे मीटरांच्या घरात जातो. याच्या उलट रुळांवरून जाणाऱ्याला भराव चढून दोन मार्ग ओलांडावयास अर्धा मिनिट पुरतो. डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल असलेल्या बाईने या दोहोंतून काय निवडावे असे आपण समजता? तिने त्र्याहत्तर पायऱ्या निवडाव्यात हा नियम कागदावर योग्य असेल, पण ज्याने तो कागद लिहिला त्याने एकदा तरी भादव्याच्या उन्हात भरली घागर घेऊन त्या पायऱ्या चढून पाहिल्या आहेत काय, एवढेच मला विचारावयाचे आहे.

वास्तविक ज्या भरावामुळे वरून जाणे एवढे कठीण होते त्याच भरावामुळे खालून जाणे सोपे होते. लोहमार्ग चार-पाच मीटर उंच असेल तर त्याच्या पोटातून अडीच मीटर उंचीची वाट काढता येते, आणि पादचाऱ्याला चढ असा उरतच नाही. गाड्यांची वाहतूक फारशी न थांबवता सिमेंट-काँक्रीटची तयार पेटी भरावात जॅकने ढकलून बसवण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. कित्येक ठिकाणी तर तेवढेही करावे लागत नाही. नदीवरच्या रेल्वे पुलाचे काठाकडील एकदोन गाळे वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे असतात, आणि गावच्या लोकांनी ती वाट कोणाच्या मंजुरीवाचून केव्हाच शोधून काढलेली असते. त्या गाळ्यातून फरसबंदी वाट काढावी, आणि नदी ओलांडण्यासाठी लोहमार्गाला समांतर, पूररेषेच्या वर पण तारांच्या खाली, असा बेताच्या उंचीचा स्वतंत्र पूल बांधावा. म्हणजे दोन अडथळ्यांसाठी एकच प्रचंड चढ न घालता प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पातळीवर ओलांडता येते. या तजविजीत दोष नाहीत असे नाही. पुराच्या दिवसांत गाळ्यातली वाट बुडेल, तेवढ्या दिवसांसाठी दुसरी सोय लागेल. दिवे नसतील आणि दोन्ही तोंडे सडकेवरून दिसत नसतील तर संध्याकाळनंतर बायाबापड्या तिकडे फिरकणार नाहीत, आणि त्यांचे न फिरकणे योग्यच असेल. पण हे दोष दिव्याने, पाण्याला उतार देणाऱ्या गटाराने आणि वाटेची दिशा जराशी बदलून निस्तरण्यासारखे आहेत. अकरा मीटरांची चढण कशानेही निस्तरत नाही.

हे मी केवळ पुस्तकी गणितावरून लिहीत नाही. माझे बालपण अशाच एका गावात गेले, जेथे शाळा लोहमार्गाच्या पलीकडे आणि आमची वस्ती नदीच्या अलीकडे होती. उन्हाळ्यात आम्ही पात्रातून जात असू. पाऊस लागला की रेल्वे पुलावरून, तुळयांच्या कडेने. पुलाच्या मध्ये ट्रॉली उतरवून घेण्यासाठी लोखंडी सज्जे असत. गाडीचा आवाज आला की आई आम्हां दोघा भावंडांना त्या सज्जात ओढून घेई, आणि सारी गाडी सरेपर्यंत तिचा पदर आमच्या तोंडावर असे. त्या पुलाखालचे पाणी मी कित्येक वर्षे स्वप्नात पाहिले आहे. वस्तीने अर्ज केले, स्मरणपत्रे केली, एका कचेरीने ती दुसरीकडे वर्ग केली. आणि कितीतरी वर्षांनी पादचारी पूल झाला तो स्थानकाच्या टोकाला, वस्तीपासून पाऊण मैलावर, रुळांपुरताच. नदी तशीच राहिली. आई पहिल्या दिवशी कौतुकाने तो पूल चढली, पायऱ्या मोजून आली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कोरड्या गाळ्याखालून जाऊ लागली. तिला बेशिस्त म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे, आणि ते मी लपवीत नाही.

नदीवरच्या रेल्वे पुलालाच पादचाऱ्यांसाठी वाट जोडण्याची कल्पना आपल्याकडे काढली की सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करून ती मोडीत काढली जाते. तो मुद्दा खोटा नाही. धावत्या गाडीच्या अंगाला लागून चालणे कोणीही सुचवू नये. परंतु लंडनच्या हंगरफर्ड पुलाचा इतिहास या संदर्भात ध्यानी घेण्यासारखा आहे. तेथे १८४५ साली इझंबार्ड ब्रुनेल याने पादचाऱ्यांसाठी झुलता पूल बांधला होता. पुढे रेल्वेला चेरिंग क्रॉसपर्यंत यावयाचे होते, म्हणून तो काढून टाकून १८६४ साली जॉन हॉकशॉ याचा रेल्वे पूल त्या जागी उभा राहिला. ब्रुनेलच्या पुलाच्या साखळ्या ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन पुलाला गेल्या, आणि ज्यांच्यासाठी मुळात पूल होता त्या पादचाऱ्यांच्या वाट्याला रेल्वे पुलाच्या कडेची चिंचोळी वाट आली. ती वाट अंधारी, गैरसोयीची आणि भयप्रद म्हणून पुढे बदनाम झाली. शेवटी २००२ साली रेल्वे पुलाच्या दोन्ही बाजूंना, त्याला चिकटून नव्हे पण त्याच्या सोबतीने, चार मीटरांहून अधिक रुंदीचे दोन स्वतंत्र पादचारी पूल झाले. नदीच्या तळाखालून भुयारी रेल्वेचे बोगदे गेलेले, महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब गाळात असण्याची धास्ती, वर गाड्यांची अखंड ये-जा: इतक्या अडचणींतून ते काम पार पडले. अडचणी सर्वत्र असतात. पण चालणाऱ्याचे काम अगत्याचे मानले, तरच त्या सोडवण्याचा खटाटोप होतो.

आपल्याकडे तो का होत नाही, याचे एक कारण हद्दीत आहे. नदीचे पात्र एका खात्याकडे, काठाची जमीन महसुलाकडे, लोहमार्ग आणि त्याच्या बाजूची पट्टी रेल्वेकडे, पोहोचरस्ता जिल्हा परिषदेकडे किंवा बांधकाम खात्याकडे, अशी वाटणी असते. आणि पुलाचा जो भाग रुळांवरून जातो तो रेल्वेने बांधावा, पोहोचमार्ग राज्याने, असा रिवाज पडलेला आहे. वाहनांच्या मोठ्या पुलांमागे मंत्र्यांचा आणि व्यापाऱ्यांचा तगादा असतो, म्हणून तेथे ही वाटणी रडतखडत का होईना निभावते. पादचारी पुलामागे कोणाचा तगादा असतो? परिणामी रुळांवरचा पूल रेल्वेच्या हद्दीपाशी संपतो, नदीवरचा पूल दुसऱ्या खात्याच्या नकाशात भलतीकडून सुरू होतो, आणि या दोहोंमध्ये जो दोन-तीनशे मीटरांचा चिखल उरतो तो कोणाच्याच दफ्तरी नोंदलेला नसतो. चालणाऱ्याला मात्र हद्दी ठाऊक नसतात. त्याच्या दृष्टीने घराच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत एकच वाट असते, आणि तिच्यात जेथे खंड पडतो तेथे तो रुळांवर उतरतो.

आणखी एक गोष्ट या वादात सतत नजरेआड होते, ती जिन्याची. जिना या अर्थाने ‘दादर’ हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. चढण्याउतरण्याच्या साधनाला तिने स्वतंत्र नाव दिले, पण पुलाचे नकाशे करणारे मात्र मधल्या गाळ्याची लांबी, तुळयांचा घाट आणि रंग यांवर सारी बुद्धी खर्चून जिन्याला उरलेली जागा देतात. सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीतून मिनिटाला साठ-सत्तर माणसे सुखाने पुढे सरकतात. जिन्यावरून त्याहून कमी, आणि समोरून माणसे चढत असली तर फारच कमी. म्हणजे जिना पुलाहून रुंद हवा. बहुतेक ठिकाणी तो पुलाहून अरुंद असतो. अडीच मीटरांच्या जिन्यावरून मिनिटाला सव्वाशे माणसे उतरतात असे धरले, तर एका गाडीच्या पाचशे उतारूंना चार मिनिटे लागतात. गर्दीच्या वेळी तेवढ्यात दुसरी गाडी येऊन उभी राहते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर, पाऊस आल्याने आडोशाला थांबलेली माणसे आणि गाड्यांतून उतरून येणारी माणसे यांची कोंडी पुलाच्या जिन्यावर झाली आणि तेवीस जीव गेले. तेव्हाही लोकांनी घाबरावयास नको होते, असे म्हणणारे भेटले. चेंगरलेल्या माणसाला शांत राहण्याचा उपदेश करणे किती सोपे असते! त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी तेथे नवा पादचारी पूल उभारला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. जे काम पाच महिन्यांत होण्यासारखे होते ते त्या आधी वर्षानुवर्षे का झाले नव्हते, या प्रश्नाचा खुलासा प्रवाशांच्या वर्तनातून होत नाही.

राहता राहिला भिंतींचा आणि दंडाचा उपाय. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली असे नमूद केले की, लोहमार्गाच्या हद्दीत शिरून वर्षाकाठी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात, आणि त्यांतील सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. कलम १४७ तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ अमलात होते. ज्याला मृत्यूचे भय थोपवू शकत नाही त्याला हजार रुपयांचे भय थोपवील, ही अपेक्षा मला समजत नाही. वर्षाला इतकी माणसे एकाच रीतीने मरतात तेव्हा त्यांत पंधरा हजार वेगवेगळे अविचार शोधण्याऐवजी एक समान कारण शोधणे, हे शास्त्राच्याही दृष्टीने सयुक्तिक ठरते. भिंतीला माझा विरोध नाही. पण भिंत ही वाटेच्या मागून यावी. आधी वाट, मग भिंत, या क्रमाने काम केले तर भिंत लोकांना वाटेकडे नेते. क्रम उलटला तर लोक भिंतीला भगदाड पाडतात, आणि त्या भगदाडाच्या जागेवरून नकाशा करणाऱ्याने निदान एवढे तरी शिकावे की वाट नेमकी कोठे हवी होती.

खर्चाचा आक्षेपही ऐकू येतो: एवढ्या थोड्या वस्तीसाठी एवढा पूल परवडेल काय? या आक्षेपाला मी एवढेच उत्तर देईन की, लोखंडाच्या झगमगत्या कमानी, रोषणाई आणि उद्घाटनाच्या कोनशिला यांना कात्री लावून वाचलेला पैसा पायऱ्यांच्या रुंदीवर, छपरावर, उतारावर आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सांधे खरवडून रंगवण्यावर खर्चावा. पादचारी पूल पडतो तो बहुधा वाईट गणितामुळे नव्हे, तर गणित एकदा करून पुढे तीस वर्षे त्याकडे कोणी न पाहिल्यामुळे. म्हणून पूल बांधण्याच्या तरतुदीतच त्याच्या देखभालीची तरतूद बांधलेली असावी, आणि कोणत्या खात्याच्या कोणत्या अधिकाऱ्याने दर वर्षी कोणत्या तारखेच्या आत त्याची तपासणी करावयाची, हे पुलाच्या तोंडाशी लिहिलेले असावे. पाटीच लावावयाची असेल तर ही लावावी.

कुंडमळ्याच्या नव्या पुलाविषयी माझे मागणे फार नाही. त्याचा नकाशा पक्का होण्याआधी तो दोन्ही काठांवरच्या गावांच्या चावडीवर महिनाभर लावून ठेवावा, आणि त्यावर फक्त नदीतला गाळा न दाखवता जवळच्या बेगडेवाडी रेल्वे स्थानकाच्या फलाटापासून पलीकडच्या वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंतची सारी पायवाट, तिच्यातले चढ, पायऱ्यांची संख्या, रूळ ओलांडण्याची जागा आणि दिव्यांच्या जागा दाखवाव्यात. पावसाळ्यातील एका रविवारी तेथे माणूस बसवून येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजदाद करावी, आणि त्या आकड्यावरून पुलाची रुंदी ठरवावी. पूर पाहावयास थांबणाऱ्यांसाठी पुलाच्या मध्यावर, त्यांचा भार आधीच गणितात धरून, रुंद सज्जा काढावा. दुचाकीला मनाई करावयाची असेल तर तिला आत शिरताच येणार नाही असे खांब रोवावेत, पण ते चाकाच्या खुर्चीला आणि बाळंतिणीला घेऊन जाणाऱ्या खाटेला वाट देणारे असावेत. आणि काम चालू आहे तोवर पलीकडच्या वस्तीसाठी नदीत सरकारी खर्चाने होडी असावी, नावाडी नेमलेला असावा, आणि पुराच्या दिवशी होडी बंद राहील तेव्हा दवाखान्याची गाडी दुरून वळसा घालून त्या काठावर येऊन उभी राहावी.